सहाच प्रश्न विचारले, मग ताकद कशी कळली?

ज्येष्ठांच्या शारीरिक क्षमतेचा अंदाज नुसते प्रश्न विचारून बांधता येतो का, या विषयावर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी सहा या वेळी घेतली आहेत. पत्रं लांब होती. त्यातला मुद्दा तेवढा ठेवला आहे. उत्तरं वृद्धांसोबत काम करणारे फिजिओथेरपिस्ट आणि चाचण्यांचं गणित जाणणारे यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या शिबिरात टॅबवर प्रश्न विचारले. मला सहाच आले, मैत्रिणीला नऊ. मला ‘न थांबता चार मजले चढता येतील का’ असं विचारलं, तर तिला ‘घरातल्या घरात चालता येतं का’. पेपरच वेगळा, तर दोघींचे गुण एकाच यादीत कसे लावले?
— एक वाचक, वय ७१, नौपाडा, ठाणे

तराजूवर भाजी तोलणारा आठवा. दुधी पारड्यात ठेवला की तो आपल्याजवळची सगळी वजनं दुसऱ्या पारड्यात ओतत नाही. एक किलोचं टाकतो. ते जड झालं तर काढून अर्ध्या किलोचं, ते हलकं पडलं तर त्यात पाव किलोची भर. तीन-चार वेळा वजनं बदलली की काम झालं. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या भोपळ्याला तो वेगळी वजनं लावतो, तरी दोघांची किलोची भाषा एकच राहते, कारण प्रत्येक वजन आधीच तपासून त्यावर आकडा ठोकलेला असतो.

उत्तरानुसार बदलणारी प्रश्नावली अशीच चालते. प्रश्नांच्या पेटीतल्या प्रत्येक प्रश्नाचं ‘वजन’, म्हणजे तो किती कठीण आहे, ते शेकडो-हजारो लोकांच्या उत्तरांवरून आधी ठरवलेलं असतं. डेन्मार्कचे गणिती जॉर्ज राश यांनी १९६० मध्ये मांडलेल्या पद्धतीत माणसाची क्षमता आणि प्रश्नाची कठीणता एकाच पट्टीवर मोजतात. दोन्ही बरोबरीला असतील तर ‘हो, जमतं’ असं उत्तर येण्याची शक्यता निम्मी. क्षमता पट्टीवर एका घराने वर असेल तर सुमारे ७३ टक्के, दोन घरांनी वर असेल तर ८८ टक्के. जो रोज सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारतो त्याला ‘घरात चालता येतं का’ विचारून हाती काही लागत नाही, उत्तर आधीच ठाऊक असतं. ज्या प्रश्नाला उत्तर ‘हो’ही येऊ शकेल आणि ‘नाही’ही, तोच कामाचा. म्हणून टॅब प्रत्येक उत्तरानंतर अंदाज सुधारतो आणि त्या अंदाजाच्या जवळचा पुढचा प्रश्न काढतो. गुण ‘हो’ मोजून येत नाहीत. कोणत्या वजनाशी पारडं तोललं गेलं, त्यावरून येतात.

आता सहा आणि नऊचा फरक. उदाहरण म्हणून ‘प्रॉमिस’ घ्या : ही अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने २००४ पासून तयार होत गेलेली प्रश्नपेटी. तिच्या नेहमीच्या मांडणीत कमीत कमी ४ आणि जास्तीत जास्त १२ प्रश्न येतात, आणि अंदाजातली प्रमाणित चूक (अंदाज खऱ्या क्षमतेपासून साधारण किती गुण इकडे-तिकडे असू शकतो ते) ३ गुणांच्या खाली आली की टॅब थांबतो. सुरुवात सगळ्यांची मधल्या प्रश्नापासून होते. तुमची क्षमता मधल्या पातळीच्या आसपास असेल तर पहिल्यापासून प्रश्न नेमके बसतात आणि लवकर सुटका होते. मैत्रीण मधल्या पातळीपासून दूर असेल, तर पहिले दोन-तीन प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचण्यातच खर्ची पडतात. जास्त प्रश्न येणं म्हणजे प्रकृती वाईट असं मुळीच नाही. फार तंदुरुस्त माणसालाही पूर्ण बारा येतात, कारण त्याच्या तोडीचे कठीण प्रश्न पेटीत मोजकेच असतात.

एक सांभाळायचं. पहिल्या दोन उत्तरांत बोट चुकलं तर चाचणी भलत्या दिशेला जाते. ती परत फिरते खरी, पण हाताशी प्रश्न थोडे असल्याने पूर्ण भरपाई होत नाही. चष्मा लावा, पहिले दोन प्रश्न सावकाश वाचा, चुकलं वाटलं तर मागे जाण्याचं बटण मागा. ते नसेल तर चाचणी पुन्हा सुरू करायला सांगण्यात संकोच नको.

प्रश्न : आमच्या सोसायटीत साठीपुढचे साठेक जण आहेत. त्यांच्यासाठी एका इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी भाषांतर मिळवलं. त्यात ‘अंगणातली पानं गोळा करणे’, ‘व्हॅक्यूम क्लीनर फिरवणे’, ‘अनेक ब्लॉक चालणे’ असं काय काय आहे. सासूबाई म्हणाल्या, हे मी कधी केलंच नाही. फॉर्म भरणाऱ्या मुलीने ‘करू शकत नाही’वर खूण केली. आपले प्रश्न आपणच तयार केले तर चालेल का?
— एक वाचक, नेरूळ

आधी ती खूण काढून टाका. ‘केलं नाही’ आणि ‘करता येत नाही’ या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. साध्या छापील प्रश्नावलीत अशा चुकीने एक गुण जातो. बदलत्या प्रश्नावलीत तिच्यामुळे पुढचे सगळे प्रश्नच बदलतात. जे काम माणसाच्या आयुष्यात नाही तो प्रश्न वगळावा आणि पुढचा घ्यावा.

आपले प्रश्न जरूर तयार करा. अट एकच : प्रश्न बदलला की त्याचं जुनं वजन गेलं. व्हॅक्यूम क्लीनर उभ्याने फिरवतात. त्या जागी ‘उकिडवं बसून फरशी पुसणे’ घातलं तर गुडघे, खुबे आणि तोल या सगळ्यांची कसोटी लागते. ते काम कितीतरी जड आहे. त्यामुळे बदललेल्या प्रश्नांवर मूळ प्रश्नावलीचा गुण काढून कुणाला कळवू नका. तो आकडा खोटा असेल.

प्रश्न लिहिताना तीन गोष्टी पाळा. एका प्रश्नात एकच काम असावं. ‘जिना चढता-उतरता येतो का’ हे दोन प्रश्न आहेत. चढताना दम लागतो, उतरताना गुडघा बोलतो, आणि एकच खूण केली की नेमकं काय दुखतंय ते हरवतं. दुसरं, माप ठरलेलं असावं. ‘जड पिशवी’ नको, ‘चार-पाच किलो भाजीची पिशवी’ म्हणा. अंतर मीटरमध्ये विचारू नका, कुणालाच अंदाज नसतो. सोसायटीची एक फेरी एकदा मोजून घ्या आणि ‘न थांबता चार फेऱ्या’ असं विचारा. तिसरं, आधाराचा नियम प्रश्नातच हवा : कठडा धरून की न धरता, थांबून की न थांबता.

सोप्यापासून कठीणाकडे बारा प्रश्नांची एक शिडी अशी लावून पाहता येईल. १) पलंगावर कुशीवरून स्वतः उठून बसणे. २) भिंतीला हात न लावता घरातल्या घरात संडासापर्यंत जाणे. ३) हातांचा आधार न घेता जेवणाच्या खुर्चीतून उठणे. ४) कठडा धरून दहा पायऱ्या चढणे. ५) वीस लिटरची बादली अर्धी भरलेली असताना न्हाणीघरात उचलून बाजूला ठेवणे. ६) कठडा न धरता एक मजला न थांबता चढणे. ७) चार-पाच किलोची पिशवी घेऊन बाजारातून दहा मिनिटं चालत येणे. ८) जमिनीवर मांडी घालून बसणे आणि एकाच हाताच्या आधाराने उठणे. ९) स्टेशनचा पादचारी पूल पिशवीसह, मध्ये न टेकता चढणे. १०) लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यापर्यंत न थांबता जाणे. ११) उकिडवं बसून एक खोली पुसून काढणे. १२) पारसिक हिल किंवा येऊरसारख्या चढावर अर्धा तास न थांबता चालणे. शेवटचे दोन-तीन प्रश्न फार कठीण वाटतात म्हणून गाळू नका. ते नसतील तर सोसायटीतले निम्मे जण ‘सगळं जमतं’ म्हणतील आणि त्यांच्यातला फरक कधीच दिसणार नाही.

हा क्रम आमच्या अंदाजाने लावला आहे. तुमच्याकडे तो बदलू शकतो, आणि बदलला तर तुमचाच खरा. म्हणून पहिल्या वेळी सर्वांना सगळे बारा प्रश्न विचारा. ‘विनात्रास जमतं’ म्हणणारे ज्या प्रश्नाला सर्वात जास्त, तो पहिल्या पायरीवर, सर्वात कमी तो बाराव्या. साठ जणांत क्रम ठीक लागतो, पण प्रत्येक प्रश्नाचं अचूक वजन निघत नाही. शंभर जण असतील तर वजनातली चूक पट्टीवर साधारण अर्ध्या घराइतकी राहते. दोनशे-अडीचशे मिळाले तर वजनं ठरवायला हरकत नाही. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांना किंवा सेक्टरच्या विरंगुळा केंद्राला सोबत घ्या.

याच टप्प्यावर पुरुष आणि स्त्रिया वेगळे करून बघा. पोळ्या लाटणं, कणीक मळणं असे प्रश्न घातलेत तर धडधाकट सत्तरीचे आजोबाही ‘जमणार नाही’ म्हणतील. एकूण क्षमता सारखी असलेल्या स्त्री-पुरुषांची एखाद्या प्रश्नाला उत्तरं सतत वेगळी येत असतील तर तो प्रश्न ताकद मोजत नाही, घरातली कामाची वाटणी मोजतो. काढून टाका. आमच्या मते अकरावा प्रश्न याच कारणाने काही ठिकाणी गळेल.

क्रम पक्का झाला की पुढच्या वेळी टॅबची गरज नाही. सहाव्या प्रश्नापासून सुरू करा. ‘जमतं’ आलं तर तीन पायऱ्या वर म्हणजे नववा, ‘नाही’ आलं तर तीन खाली म्हणजे तिसरा. त्यानंतर दोनने वर-खाली, मग एकने. आधी विचारलेला प्रश्न पुन्हा समोर आला की थांबा. जास्तीत जास्त चार प्रश्नांत माणूस शिडीच्या कोणत्या पायरीवर आहे ते कळतं. मग एक पडताळणीचा प्रश्न न विसरता विचारा : त्या पायरीच्या दोन-तीन खालचा, अजून न विचारलेला. दहावी पायरी जमते म्हणणाऱ्याला आठवी, मांडी घालून उठण्याची, जमत नसेल तर त्याचा दम चांगला आहे पण गुडघा किंवा खुबा अडकलाय. अशा माणसाला एकच पायरी देऊ नका; दम आणि सांधे अशी वेगळी नोंद करा.

प्रश्न : बाबा ७४ वर्षांचे. काहीही विचारा, ‘एकदम फर्स्ट क्लास’. आई बाजूला मान हलवत असते. कुणाचं धरायचं?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

दोघांचंही लिहून घ्या, पण दोन रकान्यांत. सोबत राहणारी माणसं बहुतेक वेळा क्षमता कमी धरतात, कारण त्यांना काळजी असते. आणि स्वतः माणूस दोन वर्षांपूर्वीचं शरीर डोळ्यांसमोर ठेवून उत्तर देतो. प्रश्नाची भाषा बदलून पाहा. ‘जिना चढता येतो का?’ ऐवजी ‘गेल्या सात दिवसांत जिना किती वेळा चढलात? मध्ये कुठे थांबलात?’ असं विचारलं की फर्स्ट क्लास आपोआप थोडा खाली येतो.

आणि मग खुर्ची व घड्याळ घ्या. प्रश्नावली कितीही हुशार असली तरी ती माणसाचं स्वतःबद्दलचं मत मोजते. तीस सेकंदांची ऊठबस चाचणी घरी करता येते. बिनहातांची, सरळ पाठीची खुर्ची, बैठक जमिनीपासून सुमारे ४३ सेंटिमीटर म्हणजे १७ इंच. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, टाइल्सवर ती मागे सरकते आणि अपघात तिथेच होतो. सोफा किंवा दिवाण चालणार नाही; बैठक दबते आणि उठणं विनाकारण अवघड होतं. पायात मोजे नकोत, न घसरणारी चप्पल-बूट किंवा अनवाणी. हात छातीवर फुलीसारखे बांधायचे, पाऊल जमिनीला पूर्ण टेकलेलं. ‘सुरू’ म्हटल्यावर पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं. तीस सेकंद संपताना अर्ध्याहून जास्त उठलेले असतील तर ती उठ धरा. हात वापरावा लागला तर गुण शून्य. हेसुद्धा उपयोगी उत्तर आहे.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तक्त्यात पुढच्या आकड्यांहून कमी ऊठबस म्हणजे वयाच्या मानाने सरासरीखाली : ६०–६४ वयात पुरुष १४, स्त्रिया १२, ६५–६९ मध्ये १२ आणि ११, ७०–७४ मध्ये १२ आणि १०, ७५–७९ मध्ये ११ आणि १०, ८०–८४ मध्ये १० आणि ९. बाबांसाठी खूणगाठ १२ ची. आशियाई लोकांसाठी स्नायूक्षयाच्या तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये वेगळी कसोटी दिली आहे : पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर पायांची कार्यक्षमता घटलेली समजावी. एका दिवशी दोन्ही करू नका. पाय थकलेले असतात आणि दुसरा आकडा खोटा येतो.

जोडीला चालण्याची चाचणी : हातांच्या खुर्चीत बसवा, तीन मीटरवर जमिनीला चिकटपट्टी लावा. उठायचं, नेहमीच्या चालीने पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका लक्षात घेऊन डॉक्टरांना दाखवा. वळताना पावलं कशी पडतात ते आकड्याइतकंच बारकाईने पाहा. खूप बारीक पावलं किंवा टेबलाकडे जाणारा हात हे डॉक्टरांना सांगण्यासारखं असतं. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर यातलं काहीही घरी करायचं नाही. एक जण घड्याळ बघेल, दुसरा बाबांच्या बाजूला उभा राहील. एकट्याने दोन्ही सांभाळता येत नाहीत.

प्रश्न : आईचा प्रॉमिसचा गुण मार्चमध्ये ४६ होता, जुलैमध्ये ४३. चार महिन्यांत इतकी घसरण?
— एक वाचक, वाशी

या दोन आकड्यांवरून घसरण झाली असं म्हणता येत नाही. चाचणी प्रमाणित चूक ३ वर थांबली असेल तर तिच्या दुप्पट अंतर दोन्ही बाजूंना धरून ४३ चा खरा अर्थ ‘३७ ते ४९ च्या दरम्यान कुठेतरी’. दोन वेळच्या चुका एकत्र केल्या की फरकातली चूक सव्वाचार होते, आणि फरक खरा आहे असं खात्रीने म्हणायला साधारण आठ गुणांचं अंतर लागतं. अहवालात गुणाशेजारी ही चूक छापलेली असते, ती वाचायची सवय लावा. ती छापली नसेल तर मागून घ्या.

शिवाय या पट्टीवर ५० म्हणजे अमेरिकेतल्या सर्वसाधारण प्रौढांची सरासरी, आणि १० गुण म्हणजे एक प्रमाण विचलन, म्हणजे लोकांचे गुण सरासरीभोवती साधारण किती पसरतात त्याचं माप. त्यात तिशी-चाळिशीतलेही आले. पंचाहत्तरीच्या आईचा आकडा ५० च्या खाली असणं हे नापास होणं नव्हे. आईची तुलना आईशीच करा. ऋतूकडेही बघा : पावसाळ्यात निसरड्या फुटपाथमुळे फिरणं बंद पडलेलं असतं, छत्रीमुळे एक हात अडकतो, आणि उत्तरं तशी येतात. पुढची चाचणी पुन्हा मार्चमध्ये घ्या. मधल्या काळात पडणं, वजन उतरणं किंवा आंघोळीला मदत लागणं यातलं काही नव्याने सुरू झालं असेल तर मात्र गुणाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : गुडघा बदलण्याआधी भूलतज्ज्ञांनी बारा प्रश्न विचारले, जिना, घरकाम, अगदी शरीरसंबंधसुद्धा. कशासाठी?
— एक वाचक, वय ६८, खारघर

ती ‘ड्यूक’ प्रश्नावली, १९८९ ची. ती बदलती नाही, बारा प्रश्न सगळ्यांना तेच. प्रत्येक ‘हो’ला ठरलेले गुण आहेत, एकूण ५८.२. हृदय आणि फुप्फुसं ऑपरेशनचा ताण किती पेलतील याचा त्यातून अंदाज घेतात. बेरजेला ०.४३ ने गुणून ९.६ मिळवले की शरीर ऑक्सिजन किती वापरू शकतं ते येतं, त्याला ३.५ ने भागलं की ‘मेट’, म्हणजे शांत बसल्यावर लागणाऱ्या ऑक्सिजनाच्या किती पट ते. स्वतःची कामं (२.७५), घरात चालणं (१.७५), सपाटीवर थोडं चालणं (२.७५), भांडी-धूळ (२.७), झाडू आणि बाजाराची पिशवी (३.५) एवढं जमत असेल तर १३.४५ गुण, म्हणजे सुमारे ४.४ मेट. जिन्याचे ५.५ मिळाले तर ५.१.

तुमच्याबाबतीत अडचण इथेच आहे. जिना गुडघ्यामुळे चुकला की दमामुळे, ते कागद सांगत नाही. भूलतज्ज्ञांना आपणहून सांगा : ‘दुखतं म्हणून थांबते’ किंवा ‘धाप लागते म्हणून थांबते’. ३४ पेक्षा कमी गुण आले की जास्त तपासण्या सुचवल्या जाऊ शकतात. या एका वाक्याने त्यांना कुठे बघायचं ते कळेल. शरीरसंबंधाचा प्रश्न फक्त श्रम मोजण्यासाठी आहे. उत्तर द्यायचं नसेल तर तसं सांगा, पण ‘नाही’वर खूण करू नका, ५.२५ गुण फुकट जातात.

प्रश्न : मावशी कळव्याला एकटी राहते, कमी ऐकू येतं. फोनवर प्रश्न विचारले तर चालतील?
— एक वाचक, ऐरोली

चालतील. एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तराचे पाचही पर्याय दर वेळी पूर्ण वाचायचे : अजिबात त्रास नाही, थोडा, बराच, फार, करताच येत नाही. ‘तुला जमतं ना गं?’ असा सूर लावला की उत्तर ‘हो’च येतं. काठी घेऊन जमत असेल तर ‘जमतं’ धरा आणि काठीची नोंद वेगळी ठेवा. माणसाचा हात लागत असेल तर धरू नका. तिने ऐकलेला प्रश्न तिच्याच तोंडून एकदा म्हणवून घ्या. कमी ऐकणारी माणसं पुन्हा विचारायचं टाळून अंदाजाने उत्तर देतात. आणि जेवणानंतरची झोप झाल्यावर, चारच्या सुमारास फोन करा.